नऊ मिनिटं बाहेर

“तुम्ही जरा दोन मिनिटं बाहेर बसता का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि म्हणाल्या त्या तिला, नवऱ्याला नव्हे. आता हे कसं काय? पोट नवऱ्याचं, हे कबूल. पण त्या पोटाची फाइल गेले तीन महिने तिच्या मांडीवर होती. कुठली गोळी उपाशीपोटी आणि कुठली जेवल्यावर हे तिला पाठ. वजन किती उतरलं असं कुणी विचारलं की तो तिच्याकडे बघायचा आणि आकडा ती सांगायची. आणि बाहेर बसायचं तिनं! ती हसली. असं काही कानावर पडलं की माणूस आधी हसतोच. मग फाइल टेबलावर ठेवून उठली. दार आपोआप मिटणारं होतं, ते तिच्या पाठीमागे इतकं सावकाश मिटलं की मिटता मिटता आतलं अर्धं वाक्य बाहेर आलं, “हे जरा खासगी आहे, पण—” आणि मग काही नाही. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. दोन मिनिटं किती लांब असतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पाण्याचा नमुना घेण्याआधी नळ दोन मिनिटं वाहू द्यावा लागतो, आणि पालिकेच्या पाणी तपासणी खात्यात ती सत्तावीस वर्षं वाहत्या नळांसमोर उभी राहिली होती. दोन मिनिटं झाली. चार झाली. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा तोंड उघडं टाकून झोपले होते. सहा मिनिटांनी तिला वाटलं, दार लोटावं आणि म्हणावं, पर्स राहिली. पर्स खांद्यावरच होती. नऊ मिनिटांनी दार उघडलं आणि नवरा बाहेर आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आधी घड्याळाकडे पाहिलं.

“काय विचारलं?”

“काही नाही गं. असंच. जुने आजार वगैरे.”

“जुने आजार मी सांगितले असते की. तुम्हाला स्वतःची कावीळ कुठल्या वर्षी झाली ते तरी आठवतं का?”

“तेच तर,” तो म्हणाला, “म्हणून वेळ लागला.”

संशय हा तिचा धंदाच होता म्हणा ना. तिच्या खात्यात एक जुनी चाल होती. गावातल्या बारा ठिकाणी हिंडायचं, बारा नळांची तोंडं जाळानं तापवायची, बारा बाटल्या भरून बर्फाच्या पेटीतून आणायच्या, असा नियम. पण ऊन फार असलं किंवा घरी पाहुणे यायचे असले की माणसं पहिल्याच नळावर बाराही बाटल्या भरायची आणि चिठ्ठ्या तेवढ्या बारा ठिकाणांच्या लावायची. पाणी स्वच्छ निघायचं. निघणारच. ती असल्या चोऱ्या आकड्यांवरून पकडायची. बारा ठिकाणचं क्लोरीन दशांशापर्यंत सारखं निघालं की बाटल्या परत. खात्यात तिला पाठीमागे ‘संशयीबाई’ म्हणत, आणि एकदोघे तोंडावरही म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. नवऱ्याचं दुखणं सापडलं तेही या गुणामुळेच. तो लिफ्टचा फिटर, मुळात खाऊन-पिऊन बरा. पण जेवण कमी झालं, शर्टाच्या कॉलरी मानेभोवती सैल झाल्या, तेव्हा पोटाच्या डॉक्टरानं दुर्बीण घालून पाहिलं. अल्सर म्हणाला. तुकडा तपासला, नुसती सूज निघाली, सहा आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. नणंदेनं फोनवर “सुटलो बाई!” म्हणून मोठा श्वास सोडला. हिला मात्र पटेना. “तुकडे किती घेतले? कुठून कुठून घेतले?” तिनं डॉक्टरला विचारलं. डॉक्टर हसला. “दोन घेतले. जखमेच्या मधून.” “दोन्ही एकाच जागचे? कडेचे का नाही?” डॉक्टर हसायचा थांबला. मग तिनं असा काही पिच्छा पुरवला की चौथ्या आठवड्यातच दुर्बीण पुन्हा आत गेली. या वेळी कडेकडेनं, खोलवरचे, दहा तुकडे. जखम दुपटीनं वाढली होती. आठ दिवसांनी कळलं की हा जठराचा लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पेशींचा कॅन्सर, पण मूळ धरलं ते पोटात. आणखी आठ दिवसांनी, पेशींना नाना रंग देऊन पाहिल्यावर कळलं की लिम्फोमातलाही हा नेहमीचा नव्हे, नेहमीच्या रंगाला दाद न देणारा, फार क्वचित आढळणारा आणि भराभर वाढणारा. “तुम्ही संशय घेतलात म्हणून सापडलं,” या डॉक्टरीणबाई पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या, “आणखी दोन महिने गेले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.” ती त्या दिवशी रडली, घाबरली, सगळं केलं, पण खोटं कशाला बोला, त्या भीतीच्या तळाशी थोडी फुशारकीही होती.

आणि आता तोच संशय बंद करायची तोटी तिला सापडेना. रक्त घेण्याच्या खोलीत सहा नळ्या भरल्या गेल्या. पाच नळ्यांचा मिळून एक कागद, सहावीचा वेगळा. त्या वेगळ्या कागदावर नवऱ्याची सही घेतली, आणि घेताना तिथल्या मुलीनं आवाज खाली आणला. दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद उलटे वाचायची तिला जन्माची सवय. एचआयव्ही. तिनं पुन्हा वाचलं. नवरा बाही खाली करत होता, कोपराच्या खळीत कापूस धरून, निमूटपणे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. ती भिंतीला टेकली. विचारलं असतं तर तिथंच एका वाक्यात मिटलं असतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण विचारलं की समोरचा सावध होतो, हा तिचा सत्तावीस वर्षांचा अनुभव. ती खात्यात कधी कुणाला विचारत नसे. आधी बाटल्या बघायची. घरी आल्यावर तिनं न्हाणीघराचं दार लावून मोबाइलवर त्या आजाराचं नाव घातलं. बहुतेक करून कुणाला होतो, ते लिहिलं होतं. ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे त्यांना, आणि त्यातही सगळ्यात जास्त त्या सहाव्या नळीतल्या रोगाच्या लोकांना. खाली लिहिलं होतं, क्वचित इतरांनाही होतो. हे वाक्य तिनं दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा तिला वाटलं की हे डॉक्टरांनी नातेवाइकांच्या समाधानासाठी घातलेलं असणार.

मग ती त्याच्या आयुष्यात मागे मागे जाऊ लागली. पोळ्या लाटताना, बसच्या खिडकीशी, नळ वाहत असताना. वीस वर्षांपूर्वी तो दीड वर्ष परगावी होता, एका मोठ्या हॉटेलच्या लिफ्टा बसवायला. लेक तेव्हा पाळणाघरात. दर पंधरवड्याला शनिवारी यायचा, आला की आधी झोपायचा. एकदा तो तिनं न घेतलेला शर्ट घालून आला होता. निळा, बारीक चौकडीचा. “जुन्याला ग्रीस लागलं, म्हणून घेतला,” म्हणाला होता. ग्रीस तर रोजच लागायचं! वीस वर्षं हा शर्ट कुठं होता कोण जाणे, आता तो दिवसातून दहा वेळा समोर यायला लागला. त्याची इस्त्री, त्याची बटणं, आणि तो निवडणारा कुणाचा तरी हात. तिनं माळ्यावरची त्याची हत्यारांची जुनी पिशवी काढली. स्क्रू, एक मोडका कंगवा, एका बाजूनं झिजलेला पाना, तेलकट चिंधी. तिनं कंगवा उजेडात धरून पाहिला. काही नव्हतं. कपाटाचा वरचा कप्पा पाहिला, जुने फोटो पाहिले, काही नव्हतं. आणि इतकं काहीच नसणं तिला बाराही बाटल्यांत सारखं क्लोरीन निघाल्यासारखं वाटलं. नणंद फळं घेऊन आली तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “हॉटेलच्या कामावर होते तेव्हा तुमच्याकडे यायचे का हो हे, मधेअधे?” “कुठला येतोय!” नणंद म्हणाली, “आपण बरं नि आपलं काम बरं. वहिनी, माझा भाऊ म्हणजे देवमाणूस हो. त्याच्या वाट्याला हे का यावं?” आपला तो बाब्या, हिनं मनात म्हटलं आणि फळं धुवायला घेतली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याची वर्षं चाळता चाळता तिच्या हाताला तिचंही एक वर्ष लागलं. बारा वर्षांपूर्वीचं. पंपहाउसवर एक इंजिनिअर होता, उंच, किंचित पोक काढून चालणारा, आणि दर गुरुवारी तिकडचे नमुने घेऊन झाले की ती त्याच्याबरोबर गाळणीच्या हौदांशेजारच्या बाकावर बसून चहा घ्यायची. आधी एक कप, मग दोन. तो बोलायचा आणि ती हसायची. घरी इतकी हसत नसे. घरी यायला उशीर व्हायचा. “लांबचे नमुने होते,” ती सांगायची. आठ महिने चाललं. मग एका गुरुवारी त्यानं तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, “चला, निघू या कुठंतरी.” तिनं हात सोडवून घेतला. पण पुढचा आठवडाभर ती मनातल्या मनात एक बॅग भरत होती आणि रिकामी करत होती, हेही खरं. त्याची बदली झाली आणि संपलं. काही झालं नव्हतं. चहा झाला होता. आणि नवऱ्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. त्या गुरुवारीही तो भात लावून, ताटं घेऊन वाट बघत बसलेला असायचा, एका शब्दानं विचारायचा नाही. तेव्हा तिला त्याचा राग यायचा. बायको घरी उशिरा येते, स्वतःशीच हसते, आणि या माणसाला पत्ता नाही! लिफ्टवाला, वर आणि खाली याखेरीज काही दिसत नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. हे वर्ष हिशेबात धरायचं नाही, तिनं आता स्वतःला बजावलं, विषय त्याचा चाललाय.

चौथ्या दिवशी सहाव्या नळीचा निकाल आला. “निगेटिव्ह,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि या वेळी दोघांच्या देखत म्हणाल्या. “चांगलं झालं. औषधं त्यामानानं बरी झेपतील.” नवऱ्यानं इतका मोठा सुस्कारा टाकला की टेबलावरचा कागद हलला. झालं! ज्याला स्वतःची खात्री असते तो सुस्कारा कशाला टाकेल? ती त्याच दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका लॅबमध्ये गेली, माहेरचं नाव सांगितलं आणि स्वतःचं रक्त दिलं. तेही निगेटिव्ह आलं. कुणी शहाणं असतं तर तिथं थांबलं असतं. तिलाही दोन दिवस वाटलं, सुटलो. पण मग ती नऊ मिनिटं परत आली. रोग नसेल, पण प्रश्न तर विचारला गेला होता. आणि ‘नाही’ म्हणायला नऊ मिनिटं लागत नाहीत.

उपचार सुरू झाले. चार दिवस आणि चार रात्री नारिंगी औषधाची पिशवी थेंबाथेंबानं त्याच्या छातीतल्या नळीतून आत जायची, पाचव्या दिवशी दुसरं औषध, मग सुट्टी, आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा हजर. अशा सहा फेऱ्या. पिशवी ढकलणारा पंप खाटेशेजारी घुरघुरायचा. “बेअरिंग गेलंय याचं,” नवरा म्हणायचा, आणि सिस्टर हसायच्या, म्हणून रोज म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसायला लागले. तिनं सगळं केलं, कुठं बोट ठेवायला जागा ठेवली नाही: मऊ भात, कोमट पाणी, तोंडातल्या फोडांसाठी गुळण्या, ताप मोजणं, आलेल्या-गेलेल्याला दारातूनच वाटेला लावणं. सिस्टरनं सांगितलं, औषध लघवीतून बाहेर पडतं, तेव्हा भांडं उचलताना हातमोजे घाला. तिला हातमोज्यांचं बरं वाटलं. भांडं उचलून झालं तरी ती ते काढत नसे. मोजे घालूनच त्याची चादर सारखी करायची, पाठ पुसायची. एकदा त्यानं तिच्या रबरी बोटांकडे पाहिलं आणि मान वळवली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी तिनं मोजे काढले नाहीत. दुसऱ्या फेरीनंतर पोटाच्या स्कॅनचे फोटो काढले. “निम्म्याहून कमी झालंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इतकं उतरेल असं मला वाटलं नव्हतं.” नणंद फोनवर ओक्साबोक्शी रडली. ही न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली, खरंखुरं, आनंदानं, कारण हा माणूस तिला हवा होता. आणि तोंडावर पाणी मारता मारताच तिच्या मनात आलं, म्हणजे आता हा जगणार. आणि हे न कळता मला याच्याबरोबर जगायचंय, अजून वीस वर्षं, पंचवीस वर्षं. तिनं नळ बंद केला.

तिसऱ्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरनं तिच्या हातात फाइल दिली. “ही जुनी फाइल तेवढी खाली फोटोच्या खोलीत नेऊन देता का? माणूस नाहीये आज.” ही आतली फाइल होती, डॉक्टरांची, तिच्या मांडीवरची नव्हे. लिफ्टमध्ये ती एकटीच होती, मोजे अजून हातांवरच. दार मिटायच्या आत तिनं फाइल उघडली. तारखेवरून पान लगेच सापडलं. इंग्रजीतलं घाईचं अक्षर, पण डॉक्टरांचं अक्षर ती एवढ्या महिन्यांत शिकली होती. विवाहबाह्य संबंध: होय. एकदा. सुमारे बारा वर्षांपूर्वी. आणि खाली: पत्नीला माहीत नाही; तिला याबद्दल काहीही विचारू नये, अशी रुग्णाची विनंती. तिला आनंद झाला. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण झाला, ‘म्हटलं नव्हतं मी!’ असा, गणित बरोबर आल्यासारखा आनंद. लिफ्ट खाली गेली, दार उघडलं, मिटलं, लिफ्ट पुन्हा वर आली, तरी ती त्याच पानावर. मग हळूहळू त्या बारा वर्षांचा हिशेब जुळेना. बारा वर्षांपूर्वी तो परगावी नव्हताच. निळ्या शर्टाचं तर तेव्हा पायपुसणं झालं होतं. बारा वर्षांपूर्वी तो रोज संध्याकाळी सहाला घरी असायचा, भात लावून.

तो डोळे मिटून पडला होता. तिनं पान उघडं करून फाइल त्याच्या पोटावर ठेवली.

“कोण होती?”

“कोण?”

“मी आरडाओरडा करणार नाही. कोण होती तेवढं सांगा.”

त्यानं चष्म्याशिवाय पान लांब धरून वाचलं. वाचायला त्याला वेळ लागला. “हे बाहेर कसं आलं?” तो म्हणाला. तोंडातल्या फोडांमुळे तो हल्ली शब्द जपून उचलायचा. “कुणी नव्हती. ते मी लिहायला सांगितलं.”

“काहीतरीच काय! असं कुणी सांगतं?”

“त्यांनी विचारलं, तुमचं कधी बाहेर काही? मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, मग मिसेसना विचारायला हवं, त्यांना एकटीला आत घेते. मी म्हटलं, थांबा. जरा बसून राहिलो. मग म्हटलं, माझंच लिहा. तिला बोलावू नका.”

“बोलावलं असतं तर काय बिघडणार होतं?”

त्यानं फाइल मिटून बाजूला ठेवली. “तुला खोटं बोलता येत नाही,” तो म्हणाला. “ते गुरुवारचं. लांबचे नमुने म्हणायचीस. मला दारातच कळायचं. तिथं त्या खुर्चीवर तुला घाम फुटला असता.”

ती खाटेच्या कडेवर बसली. बारा वर्षं या माणसाला कळत होतं. ताटं घेतली, वाढलं, लेकीचा अभ्यास घेतला, तिच्या आजारी आईला दवाखान्यात नेलं, आणि सगळा वेळ कळत होतं. तिनं ज्याला भोळेपणा म्हटलं तो तिच्यासमोर बसून जेवत होता आणि सगळं जाणून होता. तिला त्याच्याबद्दल माया दाटून आली; आणि त्याच क्षणी ती चिडलीही, कारण तो चूक होता.

“काही झालं नव्हतं,” ती म्हणाली. “ऐका. चहा प्यायचो. एकदा त्यानं हात धरला, मी सोडवला. एवढंच. शपथ.”

“असू दे गं. किती वर्षं झाली.”

“असू दे काय? झालंच नाही तर असू दे कशाला?”

“बरं. नाही झालं.”

हा सूर तिच्या ओळखीचा होता. गेले दोन महिने त्याच्या प्रत्येक शब्दाला ती मनात ह्याच सुरात हुंकार देत आली होती. आता ती काय दाखवणार होती त्याला? कुठली बाटली? “माझाही रिपोर्ट निगेटिव्ह आहे,” तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मान वळवली. “तुझा कधी केला?”

मोजे घातलेले हात तिनं मांडीवर घेतले, मग एकेक बोट ओढून मोजे काढले आणि बादलीत टाकले. त्याला कळायला वेळ लागला नाही; त्याला कधीच लागत नसे, हे आता तिला ठाऊक होतं. “म्हणजे तुला वाटलं, माझ्याकडून तुला...” तो म्हणाला.

“हो.”

“विचारायचंस ना मला.”

“चुकलं माझं. आता विचारते. कधी काही होतं?”

“नाही,” तो म्हणाला, लगेच, एका क्षणात, आणि तिला ते पटलं. पहिल्यांदाच, काही न तपासता. केवढं सोपं होतं! तिनं त्याचा हात हातात घेतला. हात तापलेला नव्हता, नुसता ऊबदार होता. बोटं बारीक झाली होती, आणि नखांवर औषधाच्या काळसर रेघा होत्या.

“आता मला विचारा,” ती म्हणाली. “बारा वर्षं विचारलं नाहीत ते. तुम्ही म्हणता ना, मला खोटं बोलता येत नाही? मग विचारा. माझ्याकडे बघून विचारा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती थांबली, पाठ ताठ करून, उत्तर तोंडात तयार ठेवून.

“नको गं,” तो म्हणाला. “आत्ता कुठे दोन घास जायला लागलेत.”